विजेची मोटार घ्यावी काय? नित्याच्या प्रवासाचा एक हिशेब

मोटारगाडी ही गोमंतकात आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. २०१९-२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातील शंभर घरांपैकी सुमारे ४५ घरी मोटार असल्याचे आढळून आले. देशाची सरासरी तेव्हा शंभरात आठ घरांचीही नव्हती. आपली गावे विखुरलेली आहेत, एका वाड्यापासून दुसरा वाडा दूर आहे आणि सायंकाळनंतर परतीची बस मिळेलच याची शाश्वती सर्वत्र नसते. त्यामुळे शिक्षक, कारकून, लहान दुकानदार, बागाईतदार असे मध्यम प्राप्तीचे लोकही कर्ज काढून मोटार घेतात आणि ती दहा-बारा वर्षे वापरतात. अशा कुटुंबात पुढील मोटार घेण्याची वेळ आली की आता एक नवा प्रश्न उभा राहतो. ही मोटार पेट्रोलची असावी की विजेची?

या प्रश्नाची तयार उत्तरे पुष्कळ मिळतात. विक्रेता सांगतो की, इंधनाचा खर्च जवळजवळ नाहीसाच होईल. शेजारी सांगतो की, वाटेत बॅटरी संपली तर गाडी ढकलत आणावी लागेल. दोघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य आहे. परंतु दोघेही आपल्या घरची परिस्थिती विचारात घेत नाहीत. गाडी रोज किती किलोमीटर धावते, रात्री ती कोठे उभी राहते आणि त्या जागेपर्यंत चांगल्या स्थितीतील वीज पोचते काय, या तीन गोष्टींवर निर्णय अवलंबून आहे. त्यांची उत्तरे विक्रेत्याच्या पत्रकात नसतात. ती आपल्या वहीत आणि घराच्या वीजबिलावर सापडतात.

म्हणून गाडी पाहावयास जाण्यापूर्वी एक महिना रोजच्या धावेची नोंद ठेवणे इष्ट ठरेल. सकाळी निघताना आणि रात्री परतल्यावर गाडीतील किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा, एवढेच हे काम आहे. बहुतेकांचा अंदाज आणि प्रत्यक्ष नोंद यांत अंतर पडते. चवथीला गाव गाठला, मुलाला बेळगावी पोचविले, कोल्हापूरला देवदर्शन झाले, असे मोठे प्रवास स्मरणात राहतात आणि आपण फार हिंडतो असे वाटू लागते. उत्तर-दक्षिण सुमारे १०५ कि. मी. आणि पूर्व-पश्चिम सुमारे ६५ कि. मी. असा आपल्या राज्याचा विस्तार आहे. पणजीहून मडगाव ३५ कि. मी.च्या आत येते आणि म्हापसा तर १३ कि. मी.वर आहे. रोज शंभर किलोमीटर गाडी चालविणारा गृहस्थ येथे विरळाच.

युनिट म्हणजे काय

हिशेबापूर्वी मोजमाप समजून घेऊ. एक हजार वॉटचे उपकरण एक तास चालले की जी वीज खर्च होते तिला एक युनिट म्हणतात. शास्त्रीय भाषेत हाच एक किलोवॉट-तास होय. पेट्रोलची टाकी जशी लिटरमध्ये मोजतात तशी मोटारीची बॅटरी युनिटमध्ये मोजतात. आपल्याकडील लहान विजेच्या मोटारींत साधारणतः १७ ते ३० युनिट वीज मावेल अशी बॅटरी असते. घरच्या मीटरवर नोंदलेल्या एका युनिटवर अशी गाडी सुमारे ६ कि. मी. धावते असे धरावयास हरकत नाही. बॅटरी भरताना उष्णतेच्या रूपाने जी थोडी वीज वाया जाते तीही यात आली.

शिक्षकांना हा विषय वर्गात मांडण्यासारखा आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिटांइतकी ऊर्जा साठलेली असते, आणि तेवढ्यावर लहान मोटार १५ कि. मी.च्या आसपास जाते. तीच ९ युनिटे विजेच्या मोटारीस दिली तर ती ५० कि. मी.हून अधिक अंतर कापते. पेट्रोलच्या इंजिनात ऊर्जेचा मोठा भाग उष्णता होऊन धुरातून आणि पाण्याच्या टाकीतून निघून जातो, तर विद्युत मोटारीत बहुतांश ऊर्जा चाकापर्यंत पोचते. शिवाय ब्रेक लावताना किंवा उतारावर गाडीची गती पुन्हा विजेत रूपांतरित होऊन थोड्या प्रमाणात बॅटरीत परत जाते. पुलावरच्या वाहनांच्या रांगेत पेट्रोलची गाडी जागीच इंधन जाळीत राहते. विजेच्या गाडीस तेथे वातानुकूलन यंत्रापुरतीच वीज लागते. आपल्या रस्त्यांवरील ४०-५० कि. मी. प्रतितास हा वेग तिला विशेष मानवतो. वेग वाढला की हवेचा विरोध फार झपाट्याने वाढतो, म्हणून महामार्गावर तीच गाडी अधिक वीज खाते.

दोन कुटुंबांचा जमाखर्च

आता रुपयांकडे वळू. सोयीसाठी पेट्रोल लिटरला १०० रु., वीज युनिटला ६ रु. आणि वर्षाचे ३०० दिवस असे धरू. वाचकांनी आपल्या ठिकाणचे दर घालून हा हिशेब पुन्हा मांडावा.

म्हापशापलीकडच्या एका गावातून पणजीच्या कचेरीत जाणारा एक कर्मचारी कल्पनेने डोळ्यांसमोर आणावा. जाऊन-येऊन त्याचे ४० कि. मी. होतात, म्हणजे वर्षाला १२,००० कि. मी. पेट्रोलच्या गाडीस ८०० लिटर, अर्थात ८०,००० रु. लागतील. विजेच्या गाडीस २,००० युनिट, म्हणजे १२,००० रु. पुरतील. वर्षाची बचत ६८,००० रुपयांची झाली. त्याच आकाराची विजेची मोटार पेट्रोलच्या मोटारीपेक्षा ३ लाख रुपयांनी महाग पडली असे धरले, तर साडेचार वर्षांच्या आत हा जादा खर्च भरून निघतो.

दुसरे कुटुंब एका शिक्षिकेचे आहे. त्यांची शाळा जवळ आहे आणि बाजारहाट धरून गाडी दिवसाला १५ कि. मी. धावते. वर्षाचे ४,५०० कि. मी. झाले. पेट्रोलला ३०,००० रु. आणि विजेला ४,५०० रु. लागतील, बचत २५,५०० रु. एवढीच. तीन लाख भरून येण्यास पावणेबारा वर्षे लागतील. त्यातच ही तीन लाखांची जादा रक्कम ९ टक्के व्याजाच्या कर्जातून उभी केली असेल, तर पहिल्या वर्षी तिचे व्याजच सुमारे २७,००० रु. होते. म्हणजे पेट्रोलची बचत व्याजापुरतीही पुरत नाही. विजेची गाडी तीच, तिचे गुणही तेच. परंतु एका घरी तो शहाणपणाचा व्यवहार आहे आणि दुसऱ्या घरी नाही. त्या शिक्षिकाबाईंना कदाचित विजेची स्कूटर आणि पावसाळ्यापुरती जुनीच मोटार हा मार्ग अधिक परवडेल.

घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने वाढतात, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते. पहिल्या कुटुंबाच्या बिलात दरमहा १६०-१७० युनिटांची भर पडणार आहे, आणि ही भर सर्वात वरच्या टप्प्यात पडते. म्हणून हिशेबाला बिलावरील सरासरी दर न घेता वरच्या टप्प्याचा दर घ्यावा. हे दर गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांसाठी असलेला संयुक्त वीज नियामक आयोग ठरवितो व ते वेळोवेळी बदलतात. घरी सोय नसल्यामुळे सर्व वीज सार्वजनिक चार्जिंग केंद्रावरच घ्यावी लागली आणि तेथे युनिटला समजा १८ रु. पडले, तर पहिल्या कर्मचाऱ्याची बचत ४४,००० रुपयांवर येते आणि साडेचार वर्षांची जवळजवळ सात वर्षे होतात.

वरील हिशेब कोणती तरी नवी मोटार घ्यायचीच आहे असे गृहीत धरून केला आहे. घरची पेट्रोलची गाडी पाच-सहा वर्षांची असून नीट चालत असेल, तर चित्र पालटते. ती ३ लाखांस विकून १२ लाखांची विजेची गाडी घेतली, तर खिशातून ९ लाख रुपये जातात. चाळीस किलोमीटरवाल्या कर्मचाऱ्यासही ते पेट्रोलच्या बचतीतून भरून येण्यास सव्वातेरा वर्षे लागतील. चांगली चालती गाडी केवळ नव्या गाडीच्या मोहाने काढून टाकू नये, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे. जुनी गाडी दुरुस्तीस येऊ लागली, वरचेवर खर्च काढू लागली, म्हणजे प्रश्न हाती घ्यावा.

सवलतींविषयी ऐकीव माहितीवर विसंबून राहू नये. विद्युत वाहनांवरील वस्तू व सेवा कर १ ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के झाला. परंतु सप्टेंबर २०२५ मध्ये लहान पेट्रोल मोटारींवरील करही २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे दोहोंच्या किमतीतील अंतराचा जुना अंदाज आता उपयोगाचा नाही. कर्जाच्या व्याजावर दीड लाख रुपयांपर्यंत मिळणारी प्राप्तिकरातील वजावट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. १ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झालेल्या पी. एम. ई-ड्राइव्ह या केंद्रीय योजनेत खासगी मोटारींना अनुदान नाही. राज्याच्या सवलती आणि रस्ता कर यांची त्या दिवशीची स्थिती वाहतूक खात्याच्या कार्यालयातच विचारून घ्यावी आणि मगच इसारा द्यावा.

घराची वीज आणि गाडीची जागा

ज्याच्या अंगणात रात्री गाडी उभी राहते त्याच्या दृष्टीने विजेची मोटार सोयीची आहे. १५ अँपियरच्या बैठकीतून २३० व्होल्ट दाबाने फार तर ३,४५० वॉट मिळतात. रोजच्या ४० कि. मी.ची भरपाई करण्यास सात युनिटांच्या आत वीज लागते. म्हणजे दोन-तीन तासांचे काम झाले. जेवणे आटोपल्यावर तार जोडावी, मध्यरात्रीपूर्वी गाडी तयार असते. रोज पूर्ण बॅटरी भरण्याची गरज नसते, जशी रोज पेट्रोलची टाकी काठोकाठ भरण्याची नसते.

तथापि हे दोन-तीन तास म्हणजे सलग पूर्ण भार, ही गोष्ट साधी नाही. पाणी तापविण्याचे यंत्र दहा-पंधरा मिनिटे चालते आणि बंद होते. जुन्या कौलारू घरांतील वायरिंग दिवे, पंखे आणि रेडिओ यांच्यासाठी केलेले असते. त्यावर तासन्‌तास असा प्रवाह गेला तर सांधे तापतात आणि बैठक वितळण्याची भीती असते. गाडीसाठी मीटरजवळील फळीपासून स्वतंत्र जाड तांब्याची तार, स्वतंत्र एम. सी. बी. आणि वीज गळताच प्रवाह तोडणारी आर. सी. सी. बी. बसवून घ्यावी. हे काम परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे. साध्या लांबणीच्या तारेने खिडकीतून वीज घेणे सर्वथा टाळावे.

अर्थिंगकडे आपण बहुधा दुर्लक्ष करतो. फ्रीज अर्थिंगवाचूनही चालतो, म्हणून ते आहे की नाही हे वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. पुष्कळ विजेच्या मोटारी मात्र अर्थिंग सदोष असल्यास वीज घेण्याचेच नाकारतात. गाडी घरी आणली आणि ती भरेना, अशी तक्रार ऐकू आली की पुष्कळदा दोष गाडीत नसून अंगणातल्या त्या खड्ड्यात असतो. आपल्या जांभ्याच्या जमिनीतून पाणी लवकर निथळते. एप्रिल-मे महिन्यांत माती कोरडी पडली की तिचा विद्युतरोध वाढतो. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावे, हा जुन्या वायरमन मंडळींचा सल्ला आजही तितकाच खरा आहे.

वीजबिलावर मंजूर भार छापलेला असतो. तो एक-दोन किलोवॉटच असेल तर वीज खात्याकडे अर्ज करून वाढवून घ्यावा लागेल. आपल्याकडे येथे एक जुनी अडचण आडवी येऊ शकते. घर मुंडकाराचे आणि वीजजोड भाटकाराच्या नावे. किंवा घर आजोबांच्या नावावर आणि हिस्सेदारांपैकी एक मुंबईत, एक परदेशात, अशी स्थिती कित्येक ठिकाणी आहे. भार वाढविताना जोड कोणाच्या नावे आहे हा प्रश्न प्रथम पुढे येतो. गाडीचे पैसे भरण्यापूर्वीच हा कागद मार्गी लावावा. शहरातील सदनिकेत राहणाऱ्यांनी आपली गाडी उभी करण्याची जागा कागदोपत्री आपली आहे काय, आणि आपल्या मीटरपासून तेथवर तार नेण्यास गृहनिर्माण संस्थेची लेखी संमती मिळते काय, हे पाहावे. भाड्याच्या घरात राहणाऱ्यास घरमालकाचा होकार हवा. ज्यास यांपैकी काहीच जमण्यासारखे नाही, त्याने तूर्त थांबलेले बरे.

घाट, पाऊस आणि बॅटरीचे आयुष्य

पत्रकात छापलेले अंतर हे प्रयोगशाळेतील ठराविक कसोटीवर मोजलेले असते. कसोटीत ३०० कि. मी. जाणारी गाडी रस्त्यावर २०० ते २२० कि. मी. जाईल असे धरावे. त्यातही शेवटचा पाचवा हिस्सा राखीव ठेवला, तर हाती १६०-१७५ कि. मी. उरतात. पणजी ते काणकोण जाऊन-येऊन एवढ्यात भागते.

चोर्ला घाटाची गोष्ट थोडी निराळी आहे. चार माणसांसह १,४०० किलो वजनाची गाडी ८०० मीटर उंच चढविण्यास केवळ उंचीसाठी ३ युनिट वीज लागते. झीज धरून साडेतीन. म्हणजे सपाट रस्त्यावरील वीस-एक किलोमीटरांची वीज घाट घेऊन जातो. उतरताना तिच्यातील काही भाग परत मिळतो. (माथ्यावरच बॅटरी पूर्ण भरून घेतली तर ही परतीची वीज ठेवण्यास जागाच उरत नाही; तेव्हा वर थांबून काठोकाठ भरू नये.) बेळगावला महिन्यातून एकदा जाणाऱ्याने मोठ्या बॅटरीची गाडी घ्यावी किंवा तेथे रात्री वीज भरण्याची सोय नातलगाकडे आहे काय ते पाहावे. वर्षातून तीन-चारदाच लांब जाणाऱ्याने मात्र त्या तीन-चार दिवसांसाठी लाखभर रुपयांची अधिक मोठी बॅटरी विकत घेण्यापेक्षा भाड्याची गाडी करणे स्वस्त पडते.

पावसात विजेची गाडी धोक्याची, असा समज आढळतो. चांगल्या मोटारींच्या बॅटरीचे आवरण आय. पी. ६७ या दर्जाचे असते. एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिले तरी आत पाणी शिरू नये, असा त्याचा अर्थ आहे. म्हणून पुराच्या पाण्यात गाडी घालावी असे मात्र नाही. तेथे पेट्रोलची गाडीही अडकतेच. जूनच्या पहिल्या वादळात झाड पडून वीज गेली तर काय, हा प्रश्न अधिक रास्त आहे. त्या दिवसांत बॅटरी निम्म्याखाली जाऊ देऊ नये, म्हणजे दोन-तीन दिवसांची सोय राहते. पेट्रोल पंपही विजेवरच चालतो, हे आपण विसरतो.

२०२२ मध्ये विजेच्या काही दुचाकींना आगी लागल्यानंतर केंद्राने बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम कडक केले. ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांनी मोटारींनाही लागू झाले. जुनी विजेची गाडी घेणाऱ्याने तिच्या उत्पादनाची तारीख म्हणून पाहावी. मोटारींच्या बॅटरीस साधारणतः ८ वर्षे किंवा १,६०,००० कि. मी. यांपैकी जे आधी येईल तोवर हमी असते. क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यास बॅटरी बदलून मिळेल, आणि गाडी विकल्यास हमी नव्या मालकाकडे जाते काय, हे दोन मुद्दे लेखी घ्यावेत. हमीबाहेर बॅटरी बदलण्याचा खर्च लाखांच्या घरात जातो. उष्णता ही बॅटरीची शत्रू आहे. गाडी सावलीत ठेवावी आणि जलद चार्जिंगचा उपयोग प्रवासापुरता करावा. इंजिन तेल, क्लच यांचा खर्च येथे नाही, पण गाडी वजनदार असल्याने टायर लवकर झिजतात. आणखी एक गोष्ट विक्रेते क्वचितच सांगतात: मोठ्या बॅटरीखेरीज दिवे आणि कुलपे चालविणारी एक लहान १२ व्होल्टची बॅटरी या गाड्यांतही असते, आणि ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही.

धुराचा प्रश्न

विजेची मोटार धूर सोडीत नाही, हे शाळेच्या फाटकापाशी किंवा बाजारपेठेत उभ्या असणाऱ्याच्या दृष्टीने मोठेच हित आहे. परंतु गोव्यास लागणारी वीज जवळजवळ सर्व बाहेरून येते, आणि तिचा मोठा भाग कोरबा, विंध्याचल यांसारख्या कोळशावरील केंद्रांतून येतो. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३-२४ च्या आकडेवारीनुसार देशात एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७३ किलो कर्बवायू बाहेर पडतो. युनिटला ६ कि. मी. या हिशेबाने किलोमीटरमागे १२० ग्रॅमच्या आसपास झाले. लिटरला १५ कि. मी. देणाऱ्या पेट्रोलच्या गाडीचे तेच प्रमाण सुमारे १५० ग्रॅम आहे. फरक आहे, पण जाहिरातीत भासतो तेवढा नाही. बॅटरी तयार करताना होणारे प्रदूषण त्यातून वजा जाते.

छपरावर सौर पट्ट्या असतील तर हे गणित पुष्कळ सुधारते. ३ किलोवॉटची यंत्रणा दिवसाकाठी सरासरी १२ युनिटांच्या आसपास वीज देते. आपल्या कर्मचाऱ्यास गाडीसाठी रोज सात लागतात. दिवसा ग्रिडला दिलेली वीज नेट मीटरमुळे रात्रीच्या वापरातून वजा होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पी. एम. सूर्यघर योजनेत ३ किलोवॉट वा अधिक क्षमतेच्या घरगुती यंत्रणेस ७८,००० रुपयांचे अनुदान ठरविले आहे. ज्यांना दोन्ही करावयाचे आहे त्यांनी आधी पट्ट्या बसवून वर्षभर बिल पाहावे आणि मग गाडीचा विचार करावा, असा क्रम सुचवावासा वाटतो.

महिन्याची नोंद, बिलावरील भार आणि जागेचा कागद जुळून आला, तर विक्रेत्याकडून गाडी एका कामाच्या दिवसापुरती मागून घ्यावी. शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर दहा मिनिटे फिरवून काही कळत नाही. आपल्याच वाटेने, घरच्या माणसांना बसवून, वातानुकूलन लावून ती चालवावी. निघताना आणि परतल्यावर बॅटरीचे टक्के लिहावेत, आणि रात्री आपल्याच अंगणातील बैठकीवर ती भरू लागते की नाही ते पाहावे.